‘सर, डोस एकदा पाहता का?’

मुलांच्या आणीबाणीत औषधाचा हिशेब वजनावर चालतो. हृदय थांबलेल्या बालकाला शिरेतून अ‍ॅड्रेनलिन द्यायचे ते दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या बाळाला ०.१ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या नेहमीच्या अ‍ॅम्प्यूलमध्ये मात्र एका एमएलमध्ये एक मिलिग्रॅम औषध असते. ते आधी दहापट पातळ करायचे आणि मग त्यातले एक एमएल द्यायचे. घाईत डॉक्टर नुसते ‘एक एमएल’ म्हणाले आणि सिस्टरने पातळ न करताच सिरिंज भरली, तर डोस दहापट होतो. काम दोघांनाही येत असते. घोटाळा सांगण्या-ऐकण्यात होतो.

हे सांगणे-ऐकणे आपण शिकवतो कुठे? एमबीबीएस आणि नर्सिंगचे विद्यार्थी एकाच वॉर्डात वावरतात, पण त्यांचे वर्ग वेगळे, परीक्षा वेगळ्या. दोघे खऱ्या अर्थाने एकत्र काम करतात ते थेट खऱ्या रुग्णाच्या खाटेपाशी. वेगवेगळ्या शाखांनी एकत्र शिकावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच सांगितले होते.

त्यासाठी फार काही लागत नाही. बाळाच्या आकाराचा एक पुतळा, दोन्ही शाखांचे पाच-सहा विद्यार्थी, दहा मिनिटांचा सराव आणि नंतर त्याहून जास्त वेळ चर्चा. एकाने नेतृत्व करायचे, छाती कोणी दाबायची, श्वास कोणी द्यायचा हे आधीच ठरवायचे. आणि ऐकलेली सूचना मोठ्याने परत म्हणायची : ‘अ‍ॅड्रेनलिन ०.१ मिलिग्रॅम, पातळ केलेले एक एमएल, भरते आहे.’ उडप्याच्या हॉटेलात वेटर ऑर्डर परत म्हणून दाखवतो, तितकीच साधी गोष्ट.

अवघड आहे ते वेगळेच. शंका आली तर नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलीने ‘सर, डोस एकदा पाहता का?’ असे विचारायचे, आणि सरांनी न चिडता पाहायचे. आपल्या वॉर्डांतली उतरंड पाहता, या दोन्ही गोष्टींचा सराव लागतो. व्याख्यानाने त्या येत नाहीत.

एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याला तास मिळाले आहेत. त्यातले काही नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसोबत का घेऊ नयेत? बालरोग विभागाने महिन्यातली एक दुपार त्यासाठी राखावी. आणि या सरावाला परीक्षेत गुण असावेत, तेही गटाला मिळून. गुण नसलेल्या तासाला किती मुले बसतात, हे कोणत्याही प्राध्यापकाला विचारा.