ठाण्याची पायरी आणि वस्तीची पत

बलात्काराच्या फिर्यादीत पोलीस आधी गुन्हा पाहतात की फिर्यादी स्त्रीची वस्ती? १९९४ मध्ये जळगावचे वासनाकांड उघडकीस आले. राजकीय वजनदारांची नावे त्यात पुढे आली आणि तपासासाठी राज्यपातळीवरून अरविंद इनामदार यांना पाठवावे लागले. तरीही फिर्याद देण्यास मोजक्याच मुली धजावल्या. पुढे बहुतेक आरोपी सुटले. मुलींच्या भित्रेपणावर प्रवचने झोडणाऱ्यांनी तालुक्याच्या गावी फौजदार कोणाच्या पंगतीला बसतो, हेही पाहावे.

ही शहरातील गत. मग शिरपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या पाड्यावरील पावरा वा भिल्ल मजूर स्त्रीने काय करावे? ठाणे दूर, गाडीभाड्यात दिवसाची मजुरी जाणार, अंमलदाराची भाषा परकी, आणि साक्षीदार त्याच मालकाच्या शेतावर राबणारे. ‘आपसात मिटवा’ हा तिला मिळणारा पहिला सरकारी सल्ला!

कायदा तोकडा नाही. मथुरा प्रकरणातील संतापानंतर १९८३ मध्ये तो बदलला. २०१३ पासून अशी फिर्याद न नोंदवणारा पोलीस तुरुंगास पात्र आहे. हद्दीची सबबही आता चालत नाही. पण हे कलम लावायचे कोणी? पोलिसांनीच, पोलिसांविरुद्ध!

१९७२ नंतर तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्यात श्रमिक संघटनेच्या आदिवासी स्त्रिया जथ्याने दारूचे गुत्ते फोडू लागल्या, तेव्हा त्यांच्या वस्त्यांची पत बदलली. कोणत्या परिपत्रकाने नव्हे. पक्षाच्या तालुका शाखांनी एवढे करावे : फिर्यादी स्त्रीबरोबर दहाजणींनी ठाण्यात जावे आणि नोंदीची मोफत प्रत हाती पडेपर्यंत तेथून उठू नये.