स्वस्त हप्ता, महाग औषध

अमेरिकेतील ज्येष्ठांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यात घरी घ्यावयाच्या औषधांचा खर्च मुळात बहुतांशी धरलेलाच नव्हता; २००३ च्या कायद्याने ती उणीव दूर केली आणि १ जानेवारी २००६ पासून ‘पार्ट डी’ हा औषधविमा खासगी कंपन्यांच्या योजनांमार्फत सुरू झाला. त्याविषयी निवृत्तांमध्ये दोन मते रूढ आहेत. ज्याला रोजची गोळी नाही त्याने हप्ता भरणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, हे पहिले मत. आणि खर्चाला आता कायद्यानेच मर्यादा घातली असल्याने सर्वांत कमी हप्त्याची योजना कोणीही डोळे मिटून घ्यावी, हे दुसरे.

पहिल्या मतामागे गरज पडताच विमा घेता येईल असे गृहीत आहे आणि ते चुकीचे आहे. पासष्टीच्या सुमारास मिळणारी सात महिन्यांची मुदत टळली, की सर्वसाधारणपणे १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळातच नाव नोंदवता येते आणि संरक्षण जानेवारीपासून लागू होते; आजार मात्र अशी तारीख पाहून येत नाही. शिवाय विलंबाच्या प्रत्येक महिन्यामागे राष्ट्रीय आधारभूत हप्त्याच्या एक टक्का दंड लागतो. २०२५ मध्ये हा हप्ता ३६.७८ डॉलर होता. म्हणजे दोन वर्षे थांबलेल्याला दरमहा सुमारे ८.८० डॉलर जादा, आणि तेही बहुधा आयुष्यभर. अपवाद आहे तो ‘पात्र संरक्षणा’चा, उदाहरणार्थ जुन्या नोकरीतून मिळणाऱ्या पार्ट डीच्या तोडीच्या विम्याचा, पण तो संपल्यावर सलग ६३ दिवस विम्याविना गेले, तर दंड चुकत नाही. औषधदुकानाचे सवलतकार्ड किंवा भारतातून येताना आणलेल्या गोळ्या म्हणजे पात्र संरक्षण नव्हे, हे तेथील मराठी कुटुंबांनीही ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या मतात अर्धे सत्य आहे. २०२२ च्या कायद्यामुळे २०२५ मध्ये रुग्णाच्या वाट्याचा वार्षिक खर्च २,००० डॉलरवर थांबला, २०२६ साठी ही मर्यादा २,१०० डॉलर आहे, आणि त्याच कायद्याने इन्सुलिनचा महिन्याचा वाटा ३५ डॉलरपेक्षा अधिक होऊ दिलेला नाही. परंतु ही मर्यादा योजनेच्या ‘फॉर्म्युलरी’त, म्हणजे मान्य औषधांच्या यादीत, असलेल्या औषधांपुरतीच आहे. यादीबाहेरचे औषध पदरचे पैसे देऊन घेतले, तर ती रक्कम मर्यादेत धरली जात नाही. डॉक्टरांच्या शिफारशीने अपवाद मागता येतो, पण तो मिळेलच असे नाही. यादीतही औषधांच्या श्रेणी असतात, त्यामुळे एकच गोळी एका योजनेत स्वस्त तर दुसरीत महाग पडते. काही औषधांना पूर्वपरवानगी लागते, तर काहींच्या आधी स्वस्त पर्याय वापरून पाहण्याची अट असते.

म्हणून योजनेची परीक्षा हप्त्यावरून नव्हे, तर रुग्णाच्या स्वतःच्या औषधांच्या यादीवरून झाली पाहिजे: प्रत्येक गोळीचे नाव व मात्रा लिहून ती फॉर्म्युलरीत शोधावी आणि हप्ता, सुरुवातीची वजावट व औषधांतील वाटा यांची वर्षाची बेरीज करून मगच तुलना करावी. सर्वांत स्वस्त हप्त्याचा सल्ला खरोखर लागू पडतो तो ज्याला एकही औषध नाही त्यालाच, म्हणजे पहिले मत ज्याला विमाच घेऊ नको म्हणते, नेमके त्यालाच. योजनांच्या याद्या दरवर्षी बदलतात. तेव्हा ही बेरीजही दरवर्षी ७ डिसेंबरच्या आत नव्याने केली पाहिजे.