पाळीव खोकड आणि आमची भूतदया

फाल्गुन-चैत्रात रब्बीची काढणी आटोपून नांगरटीस आरंभ झाला, की माळावरच्या आणि बांधावरच्या बिळांवर संकट येते. कोठे नांगराचा फाळ, तर कोठे माती उकरणाऱ्या यंत्राचा दात बिळात शिरतो, आणि ओंजळीत मावेल एवढा एखादा जीव उन्हात डोळे मिचकावीत उघड्यावर येतो. पुढचा क्रम जणू ठरलेलाच आहे. कोणी सहृदय मनुष्य त्यास उचलून घरी आणतो. त्यास गाईचे दूध पाजले जाते, त्याचे नाव ठेवले जाते, गळ्यात तांबडी फीत बांधली जाते, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे चलच्चित्र घरोघरच्या भ्रमणध्वनीवर फिरू लागते. पाहणारे म्हणतात, ‘केवढी ही भूतदया!’ या उद्गाराविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत, आणि ते गोड नसतील हे आरंभीच सांगून टाकणे बरे.

संकटातील वन्य जीव वाचविणे ही दया होय. वाचविलेला जीव आपला करून घेणे ही हौस होय. हौस वाईटच असते असे आमचे म्हणणे नाही. परंतु हौसेने दयेचे वस्त्र पांघरले, की तिला विचारणारा कोणी उरत नाही. आणि ज्या जिवावर ती केली जाते, त्यास तर विचारण्याची सोयच नाही. म्हणून त्याच्या वतीने हा वाद आम्ही मांडीत आहो.

प्रथम प्राण्याचे नाव तरी नीट घेऊ. आमच्या सुशिक्षित घरांतील मुलांस आंबट द्राक्षांचा कोल्हा ठाऊक असतो. पण इसापाच्या इंग्रजी अवतारातील तो प्राणी कोल्हा नव्हेच. त्याचा आमच्याकडील भाऊबंद म्हणजे खोकड. कोल्हा निराळा, पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे कोल्हे. भाषांतरकारांनी एकाच्या जागी दुसऱ्यास बसविले, आणि परिणाम असा झाला, की शाळेत शिकलेल्या मंडळींस खोकड नावाचा प्राणी या देशात आहे याचीच शुद्ध राहिली नाही. तो सुमारे दोन-तीन किलो वजनाचा, सडपातळ पायांचा, मोठ्या कानांचा असून त्याच्या झुपकेदार शेपटीचे टोक काळे असते. घनदाट अरण्य त्यास मानवत नाही. उघडे माळरान, खुरटे गवत, पडीक शेत हे त्याचे राज्य. नाकतोडे, वाळवी, उंदीर, सरडे, खेकडे आणि बोरीची बोरे यांवर त्याचा निर्वाह चालतो. म्हणजे शेतकऱ्याचे उंदीर कमी करणारा हा विनावेतन नोकर आहे. ज्यास आपण नावानेही ओळखत नाही, त्यास मांडीवर घेण्याची मात्र आपणांस मोठी घाई, हे नवल नव्हे काय?

आता या हौसेच्या बाजूने जी कारणे सांगितली जातात, ती एकेक पाहू.

पहिले कारण असे, की पिलू पोरके होते. ते पोरके होते हे कोणी ठरविले? खोकडाची जोडी वर्षानुवर्षे एकत्र राहते. मादी एका वेळी साधारणतः दोन ते चार पिले देते, आणि नर-मादी दोघेही त्यांचा सांभाळ करतात. दिवसा बहुधा विश्रांती घ्यावयाची आणि तिन्हीसांजेस शिकारीस निघावयाचे, हा त्यांचा शिरस्ता. एका बिळास उपद्रव झाला, तर पिलांस दुसऱ्या बिळात नेण्याची कलाही आईस अवगत असते. भर दुपारी माणसे, ट्रॅक्टर आणि कुत्री भोवती जमली असता आई पुढे आली नाही, एवढ्यावरून तिने पोर टाकले असा निवाडा करणे म्हणजे, आग लागलेल्या घरापासून दूर उभ्या राहिलेल्या बाईस कुलटा ठरविण्यासारखे आहे. तिला अंधार पडेपर्यंत अवसर दिला असता, तर ती परत आली नसती असे छातीठोकपणे कोण सांगेल? जुन्नरच्या बाजूस उसाच्या तोडणीत बिबट्याचे बच्चे सापडतात. तेथे वनखाते आणि माणिकडोह येथील निवारा केंद्राची मंडळी ते बच्चे घरी नेऊन पाळीत बसत नाहीत. तपासून, सापडल्या जागीच सुरक्षित ठेवून, रात्री आईची वाट पाहतात. आणि कितीतरी वेळा आई येऊन आपले पोर घेऊन जाते. बिबट्याच्या बाबतीत जे धैर्य दाखविता येते, ते अडीच किलोच्या खोकडाच्या बाबतीत का दाखविता येऊ नये? उत्तर उघड आहे. बिबट्या पाळण्याची भीती वाटते; खोकड पाळण्याचा मोह होतो.

दुसरे कारण असे, की ‘तो आमच्याकडे अगदी माणसाळला आहे.’ येथे माणसाळणे आणि पाळीव होणे या दोन गोष्टींचा घोटाळा होतो. माणसाळतो तो एक जीव, त्याच्या एका आयुष्यापुरता. पाळीव होते ती जात, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने. या फरकाचा पुरावा हवा असेल, तर तो सैबेरियात सापडतो. १९५९ साली दिमित्री बेल्यायेव या रशियन शास्त्रज्ञाने रुपेरी खोकडांवर प्रयोग आरंभिला. हे प्राणी रानातून आणलेले नव्हते. केसाळ कातड्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढविलेल्या वंशातील होते. त्यांतून दर पिढीस माणसास सर्वांत कमी भिणारे, कमी चावणारे तेवढे निवडावयाचे व त्यांचीच संतती वाढवावयाची, असा क्रम त्याने ठेवला. शेपटी हलवून माणसाकडे धाव घेणारी खोकडे त्यातून निपजली. कित्येकांचे कान लोंबू लागले, अंगावर पांढरे ठिपके उमटले. बेल्यायेव १९८५ साली वारला, तरी त्याच्या सहकारिणी ल्युदमिला त्रूत यांनी तो प्रयोग पुढे चालविला. जी गोष्ट साधण्यास एका शास्त्रीय संस्थेस पिढ्यांमागून पिढ्यांची कठोर निवड करावी लागली, ती आमच्या गावातील गृहस्थ दुधाच्या एका बाटलीने साधू पाहतो! लहानपणी सारीच पिले गोजिरवाणी असतात. चार-पाच महिने लोटले, की निसर्ग आपले देणे मागू लागतो: ते रात्री जागते, फरशी उकरते, घरभर उग्र वासाच्या खुणा करते, कोपऱ्यात अडविले तर चावते. मग तोच लाडका बाळ्या परसातील पिंजऱ्यात जातो, आणि त्याची चलच्चित्रे थांबतात. बेडकांनी दगड मारणाऱ्या मुलांस जे सांगितले तेच येथे लागू: तुमचा खेळ होतो, पण आमचा जीव जातो.

कित्येक म्हणतील, ‘मोठा झाल्यावर आम्ही त्यास सोडून देऊ.’ हे तर क्रौर्याचे दुसरे टोक. ज्यास उंदीर धरण्यास आईबापांनी शिकविले नाही, ज्यास माणूस म्हणजे अन्न आणि कुत्रा म्हणजे सोबती असे वाटू लागले, त्यास माळावर नेऊन सोडणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास पूर्णेच्या पुरात लोटून ‘जा, मुक्त हो’ म्हणण्यासारखे आहे. पहिल्याच वस्तीवरील कुत्री त्याचा निकाल लावतील.

रेबीजचा प्रश्न तर घरातील लेकराबाळांचा प्रश्न आहे. कुत्रा किंवा मांजर चावले, तर त्यावर दहा दिवस लक्ष ठेवण्याची एक रीत वैद्यकास ठाऊक आहे. रानटी प्राण्याच्या बाबतीत तशा पाळतीवर विसंबता येत नाही. म्हणून रानटी प्राण्याचा चावा सर्वांत गंभीर वर्गात धरून उपचार करावे लागतात. ज्या घरात पाच वर्षांचे पोर रांगत्या भावंडासह जमिनीवर खेळते, तेथे हा धोका ‘हौस’ या शब्दाखाली झाकता येत नाही.

आता कायद्याविषयी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये संरक्षित प्राणी पकडणे ही शिकारच होय. आणि असा प्राणी कोणत्याही मार्गाने हाती आला, तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास अथवा अधिकृत अधिकाऱ्यास वर्दी देणे बंधनकारक आहे. हे वाचून आमचे प्रतिपक्षी उसळून म्हणतात, ‘कायद्यास हृदय नाही!’ त्यांच्यापाशी उदाहरणेही आहेत, आणि ती टाकाऊ नाहीत. उत्तर प्रदेशात अमेठीच्या एका तरुणाने २०२२ साली जखमी सारस पक्ष्याची शुश्रूषा केली. पक्षी त्याच्या मागे उडत राहिला. आणि मार्च २०२३ मध्ये वनखात्याने तो नेला, तो अखेर कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन पडला. न्यूयॉर्क संस्थानात २०२४ साली सात वर्षे घरात वाढलेली एक खार अधिकाऱ्यांनी जप्त केली व रेबीजच्या तपासणीसाठी मारली. तपासणीत रोग आढळला नाही. या दोन्ही गोष्टी वाचून ज्यास वाईट वाटणार नाही तो मनुष्य दगडाचा. परंतु त्यांतून सिद्ध काय होते? अधिकाऱ्यांनी विवेक वापरला पाहिजे, हे. प्रत्येकाने घरी रानटी जीव बाळगावा, हे नव्हे. वैद्याने एकदा चुकीचे औषध दिले म्हणून रोग्याने औषधाऐवजी बत्तासे खाण्याचा हक्क मिळत नाही. उलट, त्या खारीचा जीव गेला तो याच कारणाने, की ती अशा जागी होती जेथे ती असावयास नको होती.

दुसरे नाव पुढे केले जाते ते डॉ. प्रकाश आमटे यांचे. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात, १९७३ नंतरच्या त्या काळात, शिकारीत मारलेल्या माकडिणीस बिलगलेले पिलू त्यांनी मागून घेतले, आणि त्यातून अनाथ प्राण्यांचे ते विख्यात गोकुळ उभे राहिले. परंतु आमच्या हौशी बंधूंनी ते उदाहरण पुरते वाचावे. तेथे आई मेली होती, यात संशय नव्हता. पोटासाठी शिकार करणाऱ्या लोकांस शिकारीपासून परावृत्त करण्याचा त्यात हेतू होता. आणि त्या प्राण्यांमागे एका कुटुंबाचे सबंध आयुष्य उभे राहिले. दिवाणखान्यातील गादीवर खोकड निजवून त्याचे चित्र काढणाऱ्याने आमट्यांचे नाव घेणे, म्हणजे एक एकादशी करून वारकरी म्हणविण्यासारखे आहे.

वारकऱ्यांचा विषय निघाला म्हणून, आमच्याच जिल्ह्यातील गोष्ट सांगतो. हिंगोलीजवळील नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाते. कुत्र्याने भाकरी पळविली, तेव्हा ती त्याने कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन नामदेव त्याच्या मागे धावले, ही कथा आमच्याकडे आजीच्या तोंडून ऐकलेली नाही असे मूल विरळा. या कथेचा उत्तरार्ध मात्र कोणी लक्षात घेत नाही. तो उत्तरार्ध असा, की उत्तरार्धच नाही! नामदेवांनी त्या कुत्र्यास घरी आणून बांधले, त्याचे नाव ठेवले, चार जणांस बोलावून दाखविले, असे कोठेही सांगितलेले नाही. तूप देणे एवढेच त्यांचे काम होते. दया ती हीच: दुसऱ्यास जे हवे ते देणारी, स्वतःस जे हवे ते घेणारी नव्हे.

मग खोकडास हवे तरी काय? त्यास हवे आहे माळरान. सरकारी दप्तरांत आणि आपल्या बोलण्यात ज्यास ‘पडीक’ म्हणतात, ते त्याचे घर, दार, अंगण आणि कोठार आहे. ‘पडीक’ या एका शब्दाने आपण ते कोणाचेच नाही असे ठरविले. आणि मग तेथे मुरूम खणणे, राडारोडा टाकणे, नांगर घालणे यात कोणास पाप वाटेनासे झाले. दुसरे संकट गावोगावच्या मोकाट कुत्र्यांचे. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळावर या विषयाचे जे संशोधन झाले, त्यात दिसून आले, की कुत्र्यांच्या वावराने खोकडे आपले क्षेत्र सोडून दबून राहतात, आणि कुत्र्यांतील डिस्टेंपरसारखे रोग त्यांच्यापर्यंत पोचतात. ज्याच्या हृदयात खोकडाविषयी खरोखर कळवळा आहे, त्याने आपल्या गावातील कुत्र्यांस लस टोचविण्याची खटपट करावी. गायरानाचा एक तुकडा अतिक्रमणावाचून राखावा. नांगरटीपूर्वी बांधावरची बिळे पाहून, पिलांच्या दिवसांत तेवढी चार हात जमीन महिनाभर सोडावी. चार हात जमिनीत हळदीचे किंवा सोयाबीनचे असे किती उत्पन्न बुडेल?

आणि पिलू सापडलेच तर? त्यास हाताळू नये. कुत्री आणि बघे दूर करावे. उन्हात असेल तर जवळच सावलीस ठेवावे. वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे. आणि रात्रभर आईस वाट मोकळी ठेवावी. जखमी असेल, किंवा आई मेल्याचे डोळ्यांनी दिसले असेल, तर ते जाणत्या हाती सोपवावे. येथे सरकारासही आमचे सांगणे आहे. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांचे उपचार केंद्र आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु हिंगोलीपासून नागपूर अडीचशे किलोमीटरांहून दूर आहे, आणि मुठीएवढ्या जिवास तेवढा प्रवास झेपत नाही. लोकांनी कायदा पाळावा असे वाटत असेल, तर कायदा पाळणाऱ्याच्या हाकेस तत्काळ ओ देणारा मनुष्य आणि चार पिंजऱ्यांची का होईना, पण तज्ज्ञ पशुवैद्य असलेली जागा प्रत्येक जिल्ह्यात हवी. ती नाही तोवर दयाळू मनुष्यास गुन्हेगार म्हणण्यात सरकारचीही शोभा नाही.

परंतु सरकारची उणीव ही आपल्या हौसेची सनद होऊ शकत नाही. फ्रेंच भाषेतील ‘छोटा राजपुत्र’ या १९४३ सालच्या पुस्तकातला खोकड स्वतः होऊन राजपुत्रास सांगतो, की मला माणसाळव. त्या पुस्तकावर आमचे प्रेम आहे. पण तेथे खोकड बोलू शकतो, मागू शकतो, आणि राजपुत्र निघून गेल्यावर आपल्या शेतांतच राहतो. आमच्या माळावरचा खोकड काही मागत नाही. त्याच्या त्या न मागण्यास मान देणे, आणि तो आपल्यास ओळखीत नाही यातच त्याचे कुशल आहे हे मानणे, यास अंगी थोडी उदारता लागते. तेवढी ज्याच्यापाशी नसेल त्याने खुशाल हौस करावी; तिला भूतदया मात्र म्हणू नये.