स्टॉप, पोस्ट आणि कानातले टॉप्स

मैत्रिणींनो, २०२५ च्या एप्रिल ते जून या महिन्यांत पहिलीच्या वर्गावरून केवढं वादळ उठलं होतं! पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवायची, असा निर्णय १६ एप्रिलला निघाला, १७ जूनला तो बदलून आला आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. टीव्हीवर रोज भांडणं झाली. पण आधीच पहिलीत येऊन बसलेल्या इंग्रजीला पंचवीस वर्षं झाली, तिचं पुढे काय झालं, हे विचारायला फारसं कुणी थांबलं नाही.

रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. आपला हिंगोली जिल्हा तेव्हा जेमतेम एक वर्षाचा; १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला. त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरगी आज तिशी ओलांडून स्वतः आई झाली आहे, आणि तिचं लेकरू इंग्रजीची वही घेऊन तिच्यापुढे बसतं. म्हणजे खरं तर घरात मदतीचं माणूस तयार व्हायला हवं होतं. झालंय का तसं? २०२२ च्या 'असर' अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधं इंग्रजी वाक्य वाचता येणारी मुलं चौघांत एक, इतकीच निघाली. सहा वर्षांपूर्वीच्या पाहणीतही चित्र जवळपास तेच होतं.

माझ्या मते दोष लेकरांचा नाही, आयांचा तर नाहीच. शब्द ज्या रीतीने दिले जातात, ती रीतच चुकते आहे. आमच्या गल्लीतली चौथीतली मुलगी परवा वही घेऊन आली होती. रोज दहा शब्द, स्पेलिंग आणि अर्थ, उद्या डिक्टेशन. छत्री, दवाखाना, सफरचंद, हत्ती, सगळे एकाच यादीत. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' हे तिने एका सुरात म्हणून दाखवलं. मी नुसतं एम-ए-टी लिहून विचारलं, तर गप्प. हा शब्द यादीत नव्हता ना! अक्षरांची नावं पाठ होती, पण त्यांचे आवाज कुणी सांगितलेच नव्हते.

मग मी तिच्या आईलाच बोलावलं. माउली दहावी झालेली, पण 'मला इंग्लिश येत नाही बाई' हे तिचं ठरलेलं वाक्य. मी एस, टी, ओ, पी अशी चारच अक्षरं लिहिली. हा झाला स्टॉप, एसटीचा. तीच चार अक्षरं फिरवली, की पोस्ट. तिथे तिची आरडी आहे. पुन्हा फिरवली की स्पॉट. स्पॉट पंचनामा कुणाला माहीत नाही? आणखी एकदा फिरवली, तर टॉप्स. तिचा हात आपसूक कानाकडे गेला! इंग्रजीत टॉप्स म्हणजे शेंडे, वरचे भाग. कानातले हा अर्थ आपला. पॉट्स म्हणजे कुंड्या, भांडी. चार अक्षरांत पाच शब्द, आणि बहुतेक तिच्या तोंडात आधीपासूनच होते. फक्त कागदावर ते कसे दिसतात, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं.

अशा जोड्या कितीतरी आहेत. तीन अक्षरांचे हॅट, फॅट, मॅट, रॅट घ्या: टोपी, जाड, चटई, उंदीर. प्रत्येकाच्या शेवटी एक ई लावा. ती ई स्वतः मुकी राहते, पण मधल्या ए चा आवाज बदलून टाकते. हेट म्हणजे तिरस्कार, फेट म्हणजे नशीब, मेट म्हणजे सोबती, आणि रेट म्हणजे भाव. वसमतच्या हळदीचा रेट विचारणाऱ्या बाईला हा शब्द काय शिकवायचा! एक नियम कळला, की चार नवे शब्द पाठ न करता वाचता येतात.

पाच अक्षरी घराणंही असंच. शेवटी आय-जी-एच-टी आणि पुढे एकच अक्षर बदलायचं: लाइट, नाइट, टाइट, फाइट, राइट. लाइट म्हणजे उजेड, पण हलकं सुद्धा. राइट म्हणजे उजवा, बरोबर आणि हक्क. म्हणून 'एका शब्दाला एक अर्थ' ही पद्धतही अपुरीच पडते. मात्र सावध, याच घरात ई-आय-जी-एच-टी बसलाय, आठ. तो म्हणायचा एट.

आता तुम्ही म्हणाल, हे जी-एच मध्ये कशाला कडमडतात? तर जुन्या इंग्रजीत ते खरंच उच्चारले जायचे, घशातून, खाकरल्यासारखे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला. पुढे छपाईने स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, पण बोलणं बदलत राहिलं. म्हणून आज शेवटी ओ-यू-जी-एच असलेले पाच अक्षरी शब्द पाहा: टफ, रफ, खोकल्याचा कॉफ, पण कणकेचा मात्र डो. (दुकानात आपण 'कफ सिरप' मागतो, तिथे आपला मराठी कफ मध्ये घुसतो, ती वेगळीच गंमत.) इंग्रजीला फार हसायचं कारण नाही, बरं का. 'ऋषी' लिहून आपणही रुशी म्हणतोच. पण असा बेशिस्त शब्द आला की 'हा नियमाबाहेरचा' असं लेकराला सांगता येतं. सगळेच शब्द बेशिस्त आहेत असं त्याला वाटू दिलं, की ते घोकंपट्टीला लागतं. आणि मग आई महिन्याला शिकवणीची फी मोजते, त्याच दहा शब्दांच्या यादीसाठी.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती सक्तीची केली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या बैठकांत आपल्यातल्या कित्येक जणी सही करून उठतात. पुढच्या बैठकीत खिचडी आणि गणवेशाचं बोलून झालं, की एवढं विचारा: पहिली-दुसरीला इंग्रजी अक्षरांची नावंच शिकवता की आवाजही? शब्द घराण्यांनी देता की यादीने? उत्तर काय येतं, ते इतिवृत्तात लिहून घ्या, आणि मगच सही करा.