रक्त आमचे, मोजदाद कुणाची?

संशोधनाकडे जगाचे किती लक्ष गेले, हे मोजण्याचे मापही आता निघाले आहे. लंडनमध्ये 2011 साली सुरू झालेली ‘अल्टमेट्रिक’ ही कंपनी शोधनिबंधांना असा एक आकडा देते. निबंधाची बातमी झाली, इंटरनेटवर कुणी त्यावर लिहिले, सरकारी धोरणाच्या कागदात त्याचा उल्लेख आला, की आकडा चढतो. हा आकडा गुणवत्तेचा नाही, केवळ लक्षाचा आहे, असे कंपनी स्वतःच सांगते. आमचे भांडण या मापाशी नाही. आमचा प्रश्न एवढाच, की लक्ष कुणाचे मोजले जाते?

हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीतून विचारण्याला कारण आहे. अमेरिकेतील ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेने 2006 साली जन्मदोषांचा जागतिक अहवाल काढला. त्यातल्या पाच प्रमुख गंभीर जन्मदोषांत थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे दोष आहेत. म्हणजे ज्या मुलाचे अंग दुखते, डोळे पिवळे पडतात, म्हणून आपण त्याला भगताकडे किंवा गावातल्या इंजेक्शनवाल्याकडे नेतो, त्याचा आजार जगाच्या यादीत अगदी वर आहे. बीटा ग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक पडतो आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आई-बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता 25 टक्के. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

मध्य भारतातील सिकलसेल वाहकांवरचा शुक्ला आणि सोळंकी यांचा निबंध ‘लान्सेट’मध्ये छापून आला 1958 साली. तेव्हापासून महार, गोंड, माडिया, परधान यांचे रक्त तपासणीला जातच आहे. निबंध झाले, पदव्या झाल्या, जातीनिहाय टक्केवारीचे तक्ते झाले. त्या तक्त्यांतून वस्तीत काय पोहोचले? ‘हा तर महारांचा आजार’ एवढे एक वाक्य! आणि मग जुळत आलेली सोयरीक मोडणे, पोरीचा रिपोर्ट लपवून ठेवणे.

हे वाक्य शास्त्राच्या नावावर खपवले जाते, पण ते शास्त्र नाही. मलेरियाच्या मुलखात वाहकाला संरक्षण मिळते म्हणून हा जनुक टिकला, हे ॲलिसन यांनी आफ्रिकेत 1954 साली दाखवले. तो अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे. आपल्याकडे तो ठरावीक समूहांत फिरत राहतो, याला जातीतच लग्न करण्याची सक्तीही कारण आहे. अंतर्विवाह हेच जातीचे मर्म, असे बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात मांडले ते 9 मे 1916 रोजी. तक्ता करणारे किती जण ही बाजू सांगतात?

जगाचे लक्ष सिकलसेलकडे नाही, असेही नाही. जनुकात बदल करणाऱ्या ‘कॅसजेव्ही’ उपचाराला नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. जगभर मथळे झाले. अमेरिकेतली किंमत रुग्णामागे 22 लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या घरात! इकडे आमच्या रुग्णाला हवी असते हायड्रॉक्सीयुरियाची गोळी, तीही महिन्याच्या महिन्याला, खंड न पडता. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटत आला आहे. त्या दिवसांत कुणाच्या घरातली गोळी संपली, याचा आकडा कुठल्या मापात चढतो?

केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तीन वर्षांत 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे उद्दिष्ट. तपासणी व्हायलाच हवी. पण तपासलेल्यांची संख्या म्हणजे उपचार मिळालेल्यांची संख्या नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्व मानले, ही चांगली गोष्ट. परंतु त्याच कायद्यातील नोकरीच्या 4 टक्के आरक्षणात ज्या प्रवर्गांची नावे आहेत, त्यांत सिकलसेल नाही. प्रमाणपत्र हातात, नोकरीत जागा नाही. आरक्षणावर एवढे बोलणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी हा मुद्दा विधानसभेत आणि संसदेत लावून धरला पाहिजे.

संशोधकांनाही काही सांगायचे आहे. गडचिरोलीत 1980 च्या दशकात सिकलसेलवर काम करणारे डॉ. अभय बंग यांनी पुढे जाहीरपणे कबूल केले, की तो प्रश्न लोकांनी मागितलेला नव्हता, संशोधकांना महत्त्वाचा वाटलेला होता. असा प्रांजळपणा क्वचितच दिसतो. ज्याचे रक्त घेतले त्याला निकाल मराठीत, गोंडीत, माडियात समजावून सांगितला का, हे विचारण्याचा आपला हक्क आहे. तो हक्क ग्रामसभेने वापरावा.

आणि एक काम आपल्याच हातातले. बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत दीक्षाभूमीवर हजारो तरुण येतात. तिथे पुस्तकांच्या रांगेत सिकलसेल तपासणीचा एक तंबू असावा. निकाल बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हातात. समजावून सांगायला आपल्याच डॉक्टर मुली-मुलांनी बसावे. आणि पाकिटावर जातीचा रकाना नसावा.