संदेष्ट्याचे पाचारण आणि घरची साक्ष

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. तिच्यातील विनोद, सहज बोलभाषा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे कुटुंबजीवन आणि स्त्रीच्या आत्मभानाचा प्रवास यांविषयी आपली टिपणे तयार असतात. परीक्षेतील प्रश्नही बहुधा यांच्याच आगेमागे फिरतात. बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावी पदव्युत्तर वर्गासमोर हा ग्रंथ शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने मात्र टिपणांत नसलेला प्रश्न विचारला : “सर, देवाने बोलावले म्हणून माणसाने घर मोडावे का? आणि ते धैर्य म्हणायचे की निष्ठुरपणा?” त्या दिवशी मी ‘तत्कालीन सामाजिक परिस्थिती’ हे नेहमीचे शब्द वापरून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र गेला नाही. प्रस्तुत टिपण म्हणजे त्या विद्यार्थिनीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

या प्रश्नाला बगल देण्याची सवय माझ्या एकट्याची नसावी. नारायण वामन टिळकांचे आपण दोन सोयीस्कर भाग केले आहेत. ‘फुलामुलांचे कवी’ टिळक आपण आनंदाने शिकवतो आणि ख्रिस्ती टिळक चरित्राच्या एका ओळीत संपवतो. श्रद्धेविषयी बोलावे तर प्रचाराचा आरोप येईल आणि धर्मांतराविषयी बोलावे तर वर्गात कटुता येईल, अशी धास्ती मनात असते. परंतु ज्या अनुभवाने कवीच्या आयुष्याचे दोन तुकडे केले, तोच वगळून त्याची कविता समजते, असे कोणत्या समीक्षाशास्त्राच्या आधारे म्हणता येईल?

प्रथम ‘संदेष्टा’ या शब्दाचा विचार केला पाहिजे. मराठी बायबलमुळे रूढ झालेल्या या शब्दाचा अर्थ आपण बहुधा ‘भविष्य सांगणारा’ असा करतो. तो अपुरा आहे. हिब्रू परंपरेतील संदेष्टा हा मुख्यतः आपल्याच लोकांना अप्रिय सत्य सांगण्यासाठी पाठविलेला माणूस होय. विशेष म्हणजे यांतील बहुतेक जण हे पाचारण आनंदाने स्वीकारत नाहीत. मोशे आपल्या जड जिभेची सबब सांगतो, यिर्मया आपण अजून पोर आहोत असे म्हणतो, तर योना सरळ विरुद्ध दिशेच्या गलबतात बसतो. तेव्हा धैर्य म्हणजे भीतीचा अभाव, ही व्याख्या येथे लागू पडत नाही. भीती कायम असताना, आणि आपण या कामाला पुरे पडणार नाही हे ठाऊक असताना, उचललेले पाऊल म्हणजे येथील धैर्य.

आमोसाची कथा आपल्या विषयाशी अधिक जवळची आहे. हा मेंढरे राखणारा आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा माणूस. बेथेल येथील राजाश्रित मंदिरात जाऊन तो श्रीमंतांच्या अन्यायाविरुद्ध बोलू लागतो, तेव्हा तेथला याजक अमस्या त्याला आपल्या मुलखात परत जाऊन तिकडेच भाकरी मिळवायला सांगतो. यावर आमोसाचे म्हणणे असे की, आपण या व्यवसायातले नव्हेच. ज्याची भाकरी मंदिरावर अवलंबून नाही, तोच मंदिराविषयी मोकळेपणाने बोलू शकतो, हे या प्रसंगाचे मर्म आहे.

आता टिळकांकडे वळू. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या या कवीचे विदर्भाशीही नाते होते. नागपूर येथे त्यांनी काही काळ वाङ्मयीन काम केले. तेथून राजनांदगावकडे जात असता आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाशी त्यांची गाठ पडली व त्याने त्यांना ‘नवा करार’ दिला. पुढे डोंगरावरील प्रवचन वाचून त्यांचे मन ओढले गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चरित्रकार येथे थांबतात आणि हीच टिळकांच्या धैर्याची पराकाष्ठा मानतात. जात, आप्त, प्रतिष्ठा व पत्नी या सर्वांपासून तुटण्याची तयारी त्या कृतीत होती, हे खरेच. पण मला हे त्यांच्या धैर्याचे पहिले आणि तुलनेने सोपे रूप वाटते. कारण एक घर सुटले तरी दुसरे घर समोर उभे होते. अमेरिकन मराठी मिशनने त्यांना आश्रय, काम आणि पगार दिला. १९०४ मध्ये त्यांची पाळक म्हणून दीक्षा झाली. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते.

त्यांची खरी कसोटी १९१७ साली लागली. वयाची पन्नाशी उलटून गेल्यावर त्यांनी मिशनची नोकरी आणि वेतन सोडले व ख्रिस्ती संन्याशाच्या वृत्तीने साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा उपक्रम हाती घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून या दरबारात जागा होती. ही कल्पना केवढी धाडसाची होती, याची कल्पना आज येणे कठीण आहे. ज्या बाप्तिस्म्यासाठी टिळकांनी सर्वस्व पणाला लावले, तो बाप्तिस्मा हे ख्रिस्ताच्या दाराचे कुलूप नव्हे, असेच ते जणू सांगत होते. येथील ख्रिस्ती माणसाने परदेशी पोशाखात, परदेशी चालीत आणि परदेशी पालकत्वाखाली का राहावे, हा त्यांचा प्रश्न होता. ख्रिस्ताकडे आपण तुकारामाच्या पुलावरून आलो, असे ते मानीत; आणि त्यांनी मराठी मंडळीच्या ओठी दिलेली अभंग-भजने ही त्या मानण्याची साक्ष आहे. १८९५ मध्ये ते आपल्या जुन्या लोकांना दुरावले. १९१७ मध्ये नव्या लोकांना दुरावण्याची जोखीम त्यांनी पत्करली. आमोसाप्रमाणे भाकरीचा प्रश्न आधी निकालात काढून मग ते बोलले. माझ्या मते ‘संदेष्टा’ हा शब्द त्यांना लागू होतो तो येथे. पुढे दोन वर्षेही झाली नाहीत तोच, मे १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. दरबार फार काळ टिकला नाही. पण संदेष्ट्याचे मोजमाप त्याने उभ्या केलेल्या संस्थेच्या आयुष्यावरून करीत नाहीत.

हे दुहेरी धैर्य मराठी ख्रिस्ती परंपरेत टिळकांच्या आधीही दिसते. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला तेव्हा येथे गहजब झाला. पण ज्यांनी त्यांना आसरा दिला, त्या आंग्लिकन भगिनींशीही त्यांनी धर्मसिद्धांतांच्या बाबतीत वाद घातला आणि आपली विवेकबुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. मुंबईत १८८९ साली सुरू होऊन पुढे पुण्यास आलेल्या शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याच्या वादातून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संबंध तोडले, तरी काम थांबले नाही. शतकाच्या अखेरच्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणून त्यांनी केडगावी आसरा दिला. आयुष्याच्या अखेरच्या काळात मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल त्यांनी साध्या मराठीत आणले. १९२२ साली त्यांचे निधन झाल्यावर ते ग्रंथरूपाने केडगावहूनच प्रसिद्ध झाले. जुन्यांचा रोष आणि नव्यांची नाराजी, दोन्ही सोसून उरते ते पाचारण.

तथापि एवढ्याने त्या विद्यार्थिनीचे उत्तर पुरे होत नाही. टिळक दोनदा धैर्याने वागले, हे मान्य. पण पहिल्या वेळी त्या धैर्याची किंमत कोणी दिली? बाप्तिस्म्याची वार्ता लक्ष्मीबाईंवर कोसळली तेव्हा पदरात लहानगा दत्तू होता. सोवळ्याओवळ्याच्या कडक आचारात वाढलेल्या या बाईची संमती कोणी विचारली नव्हती. पुढची काही वर्षे ताटातुटीत, आप्तांच्या आधाराने आणि लोकांच्या नजरा सोशीत गेली. टिळकांचा लहरी स्वभाव, न सांगता निघून जाणे, हातातला पैसा उधळून टाकणे, हे सारे ‘स्मृतिचित्रां’त नोंदलेले आहे. तेव्हा जे बाहेरून ईश्वरी पाचारण दिसते, ते घरातून पाहणाऱ्याला पुष्कळदा हट्टासारखे दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

येथे जुन्या ग्रंथांतील एक मौन लक्षात घेण्याजोगे आहे. होशेयाच्या पाचारणात त्याचे लग्नच दृष्टांत बनते. पण त्याच्या पत्नीच्या, गोमेरच्या, तोंडी एक वाक्यही नाही. यहेज्केलाची पत्नी मरते आणि त्याने शोक करू नये, अशी आज्ञा होते. ती कोण, कशी होती, हे कळत नाही. आपल्याकडेही देहूच्या जिजाईची बाजू आपण आख्यायिकांतून, तीही बहुधा कजाग बाईची म्हणून ऐकतो. आपल्या वऱ्हाडात १९०५ साली डेबूजी घर सोडून निघाले आणि महाराष्ट्राला गाडगेबाबा मिळाले. मागे राहिलेल्या कुंताबाईंचे मनोगत त्यांच्याच शब्दांत ऐकण्याची सोय मात्र आपल्याला नाही. पाचारण झालेल्यांची वाणी आपण जपली. ज्यांच्या अंगणातून ते निघून गेले, त्यांची वाणी जपली नाही.

‘स्मृतिचित्रे’ हे मौन मोडते, आणि माझ्या मते हेच तिचे वाङ्मयीन व धार्मिक मोठेपण आहे. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात संदेष्ट्याची पत्नी स्वतः बोलते. ती पतीची पूजा बांधत नाही आणि त्याच्यावर खटलाही भरत नाही. ती त्याला हसते, त्याच्यावर रागावते, रडते, आणि या सर्वांतून त्याच्या प्रामाणिकपणाची ग्वाही देते. ज्या पाचारणाला घरच्या माणसाची अशी डोळस साक्ष मिळते, ते निव्वळ हट्ट नव्हते, एवढे म्हणण्याचा अधिकार वाचकाला प्राप्त होतो. बाहेरच्या शंभर शिष्यांच्या स्तुतीने तो मिळत नाही.

शिवाय ही साक्ष देणारी बाई अनुयायी म्हणून बोलत नाही. लक्ष्मीबाई पतीपाठोपाठ लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. एकत्र राहू लागल्यावरही त्या आपले सोवळे सांभाळीत होत्या. जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या विचाराने काढला, आणि मगच १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पतीचे पाचारण आगगाडीत मिळालेल्या एका पुस्तकातून सुरू झाले; त्यांचे चुलीपाशी, पाण्याच्या घागरीपाशी झाले. दोन्हींत उणे-अधिक करण्याचे कारण नाही. टिळकांनी आरंभ करून सुमारे दहा अध्यायांवर सोडलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि साठांहून अधिक अध्याय रचले, ही गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. अल्पस्वल्प अक्षरओळखीवर लिहिती झालेली बाई ओवीबद्ध महाकाव्य हाती घेते, याला धैर्य म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, साहित्याच्या अध्यापकाने श्रद्धेच्या खरेखोटेपणात पडू नये. तो मला मान्य आहे. टिळकांना देवाने खरेच बोलावले काय, हा निर्णय माझ्या विषयाच्या कक्षेत येत नाही. परंतु बोलावले गेल्याची जाणीव माणसाकडून काय करवून घेते, आणि भाषा तिला कसे रूप देते, हा पूर्णतः माझ्या विषयाचा प्रश्न आहे. महानुभावांचे ‘लीळाचरित्र’ शिकवताना आपण हा संकोच करीत नाही. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे लोकविलक्षण वर्तन आपण आदराने समजावून देतो. मग टिळकांपाशी येताच आपली जीभ मोशेसारखी जड का होते?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पत्नीने अखेर साक्ष दिली म्हणून तिच्यावर झालेला अन्याय धुऊन निघतो काय? मला वाटते, निघत नाही. आणि ‘स्मृतिचित्रे’ तो धुऊन काढीतही नाही. तो नोंदवून ठेवते. धैर्याने केलेली कृती दुसऱ्याला दुखवू शकते आणि तरीही ती प्रामाणिक असू शकते, या दोन्ही गोष्टी एकाच पानावर राहू देण्याचे सामर्थ्य या ग्रंथात आहे. आपण शिक्षक मात्र त्यांतील एकच गोष्ट निवडतो. कधी थोर पती, कधी सोशीक पत्नी.

म्हणून त्या विद्यार्थिनीला आज मी असे सांगेन : देवाने बोलावले, असे म्हणणाऱ्या माणसाकडे आदराने पाहावे, पण तीन गोष्टी तपासाव्यात. त्याने एकदाच घर सोडले की, नव्या घरातही सत्य बोलण्यासाठी पुन्हा काही सोडले? त्याच्या धैर्याचा खर्च कोणाच्या नावावर पडला, आणि त्या माणसाला बोलण्याची मोकळीक राहिली काय? आणि त्या पाचारणातून दुर्बळांना काही आधार मिळाला काय? टिळक पहिल्या कसोटीला उतरतात. दुसरीत ते अर्धे उणे पडतात आणि उरलेले लक्ष्मीबाई आपल्या लेखणीने भरून काढतात. तिसरीचे उत्तर केडगावच्या रमाबाई सर्वांत स्पष्टपणे देतात.

हे उत्तर वर्गात द्यायला मला काही वर्षे लागली. आमोसाला बेथेलला जावे लागले होते; आपल्याला केवळ टिपणे बाजूला ठेवून पुस्तक संपूर्ण वाचायचे आहे. एवढे तरी धैर्य मराठीच्या अध्यापकाने दाखवावयास हरकत नसावी.