फळ्यावरची पाखरे

(द्वितीय वर्ष, कला)

संक्रांत उलटली की आपल्या ग्रंथालयाच्या जिन्यापाशी एक फळा टांगला जातो. त्यावर तारीख, ठिकाण, पक्ष्याचे नाव आणि संख्या असे चार रकाने असतात व शेवटी लिहिणाऱ्याची आद्याक्षरे. पक्षिनिरीक्षणाचा छंद असलेले काही प्राध्यापक, त्यांचे गावातील स्नेही आणि आपल्यापैकी सात-आठ विद्यार्थी रविवारी पहाटे उजनीच्या काठाला किंवा माळावर जाऊन येतात आणि सोमवारी फळा भरतो. एकाने लिहिलेले वाचून दुसरा पुढच्या रविवारी तिकडे जातो. पट्टकदंब अजून आहेत की निघाले? भोवत्या किती दिसले? चहाच्या टपरीवरसुद्धा मग हेच बोलणे. माघ-फाल्गुन हा या मंडळींच्या सुगीचा काळ. हिमालय ओलांडून आलेले पाहुणे परतीच्या तयारीत असतात. धरणाचे पाणी उतरून चिखलाची पट्टी उघडी पडते आणि तिच्यावर रोहित पक्ष्यांचे थवे येऊन उभे राहतात.

हा उपक्रम चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचे वाचून कोणी म्हणेल, हिला पक्ष्यांचे कौतुकच नाही. हौशी माणसांनी आपले पाहिलेले एकमेकांना कळवावे ही आपल्या देशातील जुनी रीत आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली आठ हौशी माणसांनी एकत्र येऊन काढली. डॉ. सालिम अली यांच्याकडे पक्षिशास्त्राची विद्यापीठीय पदवी नव्हती, तरी १९४१ साली निघालेले त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आजही निरीक्षकांच्या पिशवीत असते. अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. २०२३ साली देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात ९४२ जातींचा विचार केलेला आहे आणि त्याचा आधार आहे तीस हजारांहून अधिक निरीक्षकांनी कळवलेल्या सुमारे तीन कोटी नोंदी. म्हणजे आपल्या फळ्यासारख्याच ठिकठिकाणच्या नोंदींतून देशाचा हिशेब मांडला जातो. कोणता पक्षी वाचवायला आधी धावायचे, हे त्यावरून ठरते.

म्हणूनच मला प्रश्न पडतो, की हा हिशेब लिहितो कोण आणि त्यातून राहून काय जाते?

आमचे गाव उजनीच्या फुगवट्याच्या कडेला, करमाळा तालुक्यात आहे. घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. थोडी जमीन आहे, तीत रब्बीचा शाळू असतो. शाळूचा दाणा चिकात आला की भोरड्या येतात. ग्रंथांत यांना पळस मैना, गुलाबी मैना अशी नावे आहेत, आमच्याकडे भोरडीच. पावसाळ्यात हा पक्षी मध्य आशियाकडून आपल्याकडे येतो आणि एप्रिलपर्यंत परत फिरतो. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याला चक्क 'ज्वारी बर्ड' म्हटले आहे, म्हणजे साहेबालाही हा पक्षी कोणत्या पिकावर बसतो ते शेतकऱ्याकडूनच कळले असणार. थवा उतरला तर घटकाभरात कणसे मोकळी होतात. त्यामुळे माघात आमच्या घरी दिवस उजाडायच्या आत कोणीतरी मचाणावर असतेच. बहुधा आईच असते. एका हातात गोफण, शेजारी पत्र्याचा डबा.

गेल्या वर्षी एका रविवारी निरीक्षकांचा एक गट आमच्या बांधावर आला. आपल्या फळ्याशी त्यांचा संबंध नव्हता, ते लांबच्या शहरातून आले होते. थवा असा फिरत होता, की आभाळात कोणी काळे पातळ झटकावे. त्यांना छायाचित्रे हवी होती. त्यांच्यातील एकजण आईला म्हणाले, "मावशी, दोन मिनिटे गोफण थांबवता का? थवा जरा खाली बसू द्या." आई म्हणाली, "थांबते की बाबा. पन कनसात दानं तुमी भरनार का?" ते हसले, त्यांना तो विनोद वाटला. एक बाई मात्र पुढे आल्या आणि त्यांनी आपली दुर्बीण आईच्या डोळ्याला लावून दिली. आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "अगं बया, गुलाबी हाय की. एवढी देखणी असंल असं वाटलं न्हवतं." जन्मभर हाकलत आलेले पाखरू तिने त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिले. त्या बाईंचे मला आजही आभार मानावेसे वाटतात.

पुढे त्याच आठवड्यात आपल्या फळ्यावरही भोरडीची नोंद आली, अर्थात इंग्रजी नावाने: संख्या तीन हजार, ठिकाण 'शेते, करमाळा रस्ता'. नोंद खरी होती. पण ते तीन हजार पक्षी कशावर बसले होते, शाळू किती शिल्लक होता, त्यांना कोण हाकलत होते, यांपैकी एक अक्षर नाही! ज्याने लिहिले त्याला दोष देत नाही, फळ्याला तसा रकानाच नाही. पण पुढे कोणी विचारले की पूर्वी भोरडी शाळूवर किती येत असे आणि शाळू कमी होऊन ऊस वाढल्यावर ती कुठे गेली, तर हा फळा त्याला काय सांगणार? आमची आई सांगू शकेल. ती हेही सांगेल, की कणसे भरण्याआधी हीच भोरडी रानातले नाकतोडे आणि अळ्या वेचते. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळ-नाकतोड्यांचा बंदोबस्त व्हावा म्हणून याच पक्ष्यासाठी माणसे मुद्दाम घरटी बांधून देतात. तिकडचा पाहुणा आणि आमच्या शिवारातला चोर एकच आहे, ही केवढी मोठी गोष्ट! ती कळायची तर संख्येच्या पुढे काहीतरी लिहावे लागेल.

दुसरे उदाहरण आजीचे. ती ज्याला 'तास' म्हणते तो नीलपंख. दसऱ्याला तो दिसावा म्हणून तिच्या लहानपणी लोक मुद्दाम रानात जात. आता तारेवर तास दिसत नाही, अशी तिची गेली काही वर्षे कुरकुर आहे. आम्ही ती म्हातारपणाची तक्रार समजून सोडून देत होतो. २०२३ च्या त्या अहवालात ज्या १४ जातींची घट तीस टक्क्यांहून अधिक आढळली आणि ज्यांच्या स्थितीची जागतिक यादीत नव्याने तपासणी व्हावी असे सुचवले गेले, त्यांत नीलपंख आहे. आजीला लिहिता येत नाही. तिची साठ वर्षांची नोंद तिच्याबरोबरच संपेल.

येथे कोणी म्हणेल, 'खेड्यातला माणूस तेवढा ज्ञानी आणि शिकलेला तेवढा आंधळा', असे मी मांडते आहे. तसे नाही. आमच्या गावात पाच प्रकारचे पांढरे पक्षी 'बगळा' या एका शब्दात बसतात आणि आकाशात घिरट्या घालणारे जे काही असेल ती 'घार'. माळावर उतरणारे भोवत्याही त्यातच आले. पिंगळा घरावर बोलला तर वाईट बातमी येते म्हणून आजी त्याला दगड मारायला लावते. तो बिचारा रात्रभर किडे आणि उंदीर टिपत असतो. आणि रोहित पक्ष्याला तर आजीकडे नावच नाही! कारण सरळ आहे. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याआधी आमच्याकडे नदी होती, हा समुद्रासारखा फुगवटा नव्हता. आज भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळ येथील मच्छीमार नावेतून पाहुण्यांना रोहित दाखवतात, तेही त्याला 'फ्लेमिंगो'च म्हणतात. ज्या भाषेतून पोट भरते त्या भाषेतले नाव तोंडी बसते, त्यात हसण्यासारखे काही नाही. तेव्हा शास्त्रीय नाव, एकसारखी पद्धत, काटेकोर संख्या हे सगळे हवेच. त्यावाचून करमाळ्याची नोंद कझाकस्तानच्या नोंदीशी जुळणार कशी?

पण एकाच्या जोडीला दुसरे लिहायला काय हरकत आहे? सोलापूरचे मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. वनखात्याच्या नोकरीत असताना रानातल्या माणसांकडून त्यांनी पक्ष्यांची नावे वेचली आणि त्यातून मराठीला पक्षिकोश मिळाला. २००६ साली सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आपल्या मराठी विभागाने आणि निरीक्षकांनी मिळून एका तालुक्यापुरते असे काम करता येणार नाही का? भाषेच्या तासाला आपण बोलीचे नमुने गोळा करतोच. त्यात चंडोल, तास, होला, भोरडी यांना जागा मिळाली तर अभ्यासक्रमाचे काही बिघडणार नाही.

फळ्याकडे पाहताना आमच्यासारख्यांना आणखी एक अडचण येते, तीही सांगते. निरीक्षण पहाटे सहाला सुरू होते आणि आमची पहिली एसटी नऊला पोहोचते. दुर्बिणीची किंमत मी विचारली, घरच्या हिशेबात ती तीन-चार पोती शाळू होते. साहजिकच फळ्यावरची आद्याक्षरे दरवर्षी त्याच त्या सात-आठ जणांची. आमच्या वर्गात धनगर समाजातील एक मुलगा आहे. मेंढरे घेऊन माळावर फिरताना, भोवत्या संध्याकाळी गवतात जमिनीवर कुठे एकत्र बसतात, हे तो घरबसल्या सांगतो. फळ्यावर लिही म्हटले तर म्हणाला, "मला त्यांची इंग्रजी नावं कुठं येतात?" दोन वर्षांत त्याने एकदाही खडू हाती घेतलेला नाही.

फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस जगभर जी पक्षिगणना होते, तीत भारत २०१३ पासून सहभागी आहे. शाळा-महाविद्यालयांच्या आवारांसाठी तिच्या जोडीने वेगळी गणनाही घेतली जाते. एका जागी निदान पंधरा मिनिटे थांबून जे दिसेल, ऐकू येईल ते मोजायचे, इतकीच अट. आपण ती आवारात करतो. आमचे म्हणणे आहे, की खेड्यातून येणाऱ्यांना त्या चार दिवसांत आपापल्या गावी गणना करू द्यावी आणि ती महाविद्यालयाच्या अहवालात जोडावी. आवारात तेच ते कावळे, साळुंक्या, पारवे. चाळीस गावांतून चाळीस याद्या आल्या तर प्राध्यापकांनाच वाचायला मजा येईल. नाव अडले तर मराठी नाव आणि वर्णन लिहावे, जाणकारांनी नंतर त्यापुढे शास्त्रीय नाव घालावे. आणि फळ्याला आणखी दोन रकाने पाडावेत: 'काय करीत होता' आणि 'कोणी दाखवला'. दुसऱ्या रकान्यात गुराख्याचे किंवा नावाड्याचे नाव लिहायला खडू फार झिजत नाही. अर्थात त्याला विचारून.

एक गोष्ट मात्र फळ्यावर न लिहिलेली बरी, ती म्हणजे घरट्याचे ठिकाण. याच दिवसांत ओढ्याच्या दरडीत घुबडे अंड्यांवर असतात. जागा लिहिली की रविवारी चार गाड्या उभ्या राहतात, आणि घुबडाच्या वाटेवर कॅमेरेवालेच असतात असेही नाही. भोवत्यांच्या मुक्कामाचेही तसेच. काय पाहिले हे सर्वांना सांगावे, नेमके कुठे हे मोजक्यांनाच. या बाबतीत आमच्याच गावकऱ्यांना समजावण्याचे काम आम्हां विद्यार्थ्यांचे आहे, ते शहरातून येणाऱ्यांनी करून भागणार नाही. पिंगळ्यापासून सुरुवात करता येईल. आजीला निम्मे पटवले आहे. दगड बंद झालेत, शिव्या चालू आहेत.

हा अंक निघेपर्यंत शाळूची काढणी झालेली असेल आणि भोरड्या पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर गेलेल्या असतील. पुढच्या माघात त्या पुन्हा येतील. ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी आमच्याकडे अवश्य यावे. हुरडा खाऊ घालू. बांधावर उभे राहायला जागा आहे, आई ओळखही सांगेल. गोफण तेवढी चालूच राहील.